‘सुबोध बायबल’ आणि जंगलपट्टीतील वाचक

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा बहुधा गोवा, वसई आणि अहमदनगर या केंद्रांभोवती फिरते. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे त्या चर्चेच्या बाहेर राहतात. वस्तुतः १९६२ मध्ये चांदा हे सीरो-मलबार संप्रदायाचे स्वतंत्र कार्यक्षेत्र झाले आणि केरळात स्थापन झालेल्या सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे ते सोपविले गेले. १९७७ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बल्लारपूर हे त्याचे केंद्र होय. १९६२ मध्येच सुरू झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेची वाट मोकळी केली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ या अनुवादाचा विचार या भागातून करणे अप्रस्तुत ठरू नये.

फादर दिब्रिटो (निधन २०२४) हे ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक आणि हरित वसईच्या चळवळीतील अग्रणी होते. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. धर्मगुरूच्या निवडीस काहींनी विरोधही केला. त्या विरोधाला त्यांच्या गद्यानेच उत्तर दिलेले होते. संतवाङ्मय मुरलेली त्यांची मराठी परकी वाटत नाही, उपदेशकी तर मुळीच नाही. सुशिक्षित ख्रिस्तेतर वाचक बायबलकडे वळावा, हा हेतू त्यांनी बऱ्याच अंशी साध्य केला.

मात्र सुबोधता ही सापेक्ष असते. बायबलच्या प्रत्येक मराठी अनुवादकाला एक परिभाषा वारशाने मिळते. ‘तारण’ हा त्यातील मध्यवर्ती शब्द. मूल, सिंदेवाही किंवा आरमोरीच्या धान उत्पादकाला हा शब्द परिचित आहे, पण तो सोसायटीतून वा बँकेतून. तेथे तारण म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. मुक्तीचा शब्द ऐकताच सातबारा आठवावा, हा विपर्यास अनुवादकाच्या दोषाने झालेला नाही, परंतु त्याचा विचार त्यालाच करावा लागतो. ‘करार’ या शब्दाचीही तीच गत. प्रभूच्या प्रार्थनेतील ‘रोजची भाकर’ तर भाताच्या प्रदेशात उच्चारली जाते. (वसईतही भात पिकतो, परंतु तेथे शतकांच्या वापराने हा शब्द प्रार्थनेचाच झाला आहे.) वाचकाला तळटीप पाहता येते, उपासनेत कानावर पडणाऱ्या वाक्याला तळटीप नसते.

याहून मोठी अडचण प्रमाण मराठीचीच आहे. या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते, भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि अन्यत्र गोंडी. मल्याळी मातृभाषेचा धर्मगुरू पुस्तकी मराठी शिकून येतो आणि ज्याच्याशी बोलतो त्याचीही ती घरची भाषा नसते. शाळा आणि दवाखाने चालविण्यास एवढी मराठी पुरते. दुःख, मृत्यू, अपराध यांविषयी बोलताना ती अपुरी पडते. सेवेच्या बळावर श्रद्धेचा आदर मिळतो; तिला वाङ्मय मात्र मिळत नाही. वसईचे यश तेथील समाजाच्या दीर्घ मराठी सहवासातून आले आहे, त्याची नक्कल चांद्यास करता येणार नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चे (१६१६) महत्त्व येथे ध्यानात येते. त्यांनी केवळ शब्द निवडले नाहीत. पुराणश्रवणाची रीत आणि ओवी स्वीकारली. इंग्लंडातून साष्टीत आलेल्या या जेझुइटाने श्रोता कसा ऐकतो हे आधी पाहिले. दिब्रिटो यांच्यासमोर वाचक होता, श्रोता नव्हता. म्हणून त्यांचे गद्य वाचनात जितके प्रवाही, तितके सामूहिक श्रवणात ठरेलच असे नाही. झाडीपट्टीत तर श्रवणाची परंपरा आजही जिवंत आहे. दंडार आहे, आणि धानाची कापणी आटोपली की वडसा परिसरातील नाट्यमंडळ्यांचे प्रयोग गावोगाव रात्रभर चालतात. उधळ्या पुत्राची कथा — बापाची शेती, वाटणी, दोन भावांतील तेढ — त्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागणार नाही. ती अद्याप त्याच्या बोलीत आणि त्याच्या रंगमंचावर सांगितली जावयाची आहे.