धरावे की मारावे? रामशास्त्र्यांचा निकाल आणि आपण न पाहिलेला पुढचा अंक

गंगापूर रोडवरच्या नवश्या गणपतीला नाशिककर हमखास जातात. पण आपण आनंदवल्लीत, म्हणजे राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या गावात उभे आहोत, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. मी तिथे बऱ्याचदा जाते, कारण माझं पीएच.डी.चं काम त्याच घराण्याभोवती फिरतं. सोप्या भाषेत सांगायचं तर, पेशवाईत शिक्षा कशी दिली जायची आणि मराठी नाटक-सिनेमाने ती कशी दाखवली, या दोन गोष्टींमधलं अंतर मी मोजते आहे.

मध्यंतरी विभागात माझं सादरीकरण होतं. एका सरांनी विचारलं, "रामशास्त्र्यांचा निकाल अमलात आला असता तर? सत्तेसाठी खून करवणाऱ्याला मृत्यू जास्त कडक की जन्माची कैद?" मी तयारीतलं उत्तर फेकलं: "कैदच. मरण एका क्षणात संपतं." सर हसले आणि म्हणाले, "मग राघोबादादांना कैद झालीच होती की!" मी गप्प. हा लेख म्हणजे त्या गप्प बसण्याचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी घटना पाहू. जून १७६८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी थोरल्या माधवरावांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले. धाकटे नारायणराव पेशवे झाले, थोडे दिवस गोडीत गेले आणि काका पुन्हा कैदेत गेले, त्याच वाड्यात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावांना मारलं. वय जेमतेम अठरा. ज्याला कैदेत टाकलं होतं तो कैदी लगेच पेशवा झाला.

'ध चा मा' ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. मूळ हुकुमात 'धरावे' होतं, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, अशी ती कथा. अस्सल कागद कुणाच्या हाती नाही आणि एका बाईच्या माथी सगळं मारण्याची सोय त्यात आहेच, म्हणून मी ती पुरावा मानत नाही. पण आपला आजचा प्रश्न त्या एका अक्षरात मावतो, हे मात्र खरं.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, असं परंपरा सांगते. याच प्रसंगावर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' (१९०९) उभं आहे, आणि प्रभातच्या 'रामशास्त्री' (१९४४) चित्रपटाचाही कळस हाच. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री ज्यांनी पाहिलेत त्यांना तो ताठ कणा विसरता येत नाही. दोन्ही कलाकृती मला आवडतात. तरी माझी तक्रार आहे, आणि ती दोघांबद्दल एकच आहे.

त्या आपल्याला निकाल ऐकवतात आणि समाधानाने घरी पाठवतात. सत्ताधीशाच्या तोंडावर सत्य बोललं गेलं, म्हणजे न्याय झाला, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात शास्त्री पद सोडून निघून गेले आणि राघोबादादा गादीवर राहिले. त्यांना बारभाईंच्या राजकारणाने हटवलं, निकालाने नाही. ते इंग्रजांकडे गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला आणि मराठ्यांवर इंग्रजांचं पहिलं युद्ध आलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना काय मिळालं? महिना पंचवीस हजार रुपयांची नेमणूक. ते कोपरगावला राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. गारद्यांपैकी जे हाती लागले त्यांना मात्र ठार करण्यात आलं. हुकूम पाळणाऱ्याला मरण आणि ज्याच्यासाठी हुकूम निघाला त्याला तनखा. हा पुढचा अंक आपल्याला कुणी दाखवला नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. रंगमंचावर 'देहान्त प्रायश्चित्त' हे फाशीसारखं ऐकू येतं. पण दंड आणि प्रायश्चित्त या धर्मशास्त्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड राजा देतो. प्रायश्चित्त दोषी माणसाने पाप कबूल करून स्वतः घ्यायचं असतं. ब्राह्मणाला देहदंड नको ही जुनी सूट होती, आणि इथे तर आरोपी स्वतःच पेशवा. त्याला दंड करणार कोण? म्हणून शास्त्र्यांच्या हाती उरला तो प्रायश्चित्ताचाच शब्द. माझ्या मते ही शिक्षा कडक होती ती त्यातल्या मरणामुळे नाही, तर 'हे मी केलं' या कबुलीमुळे. आणि नेमकी तीच राघोबादादा देणार नव्हते. निकालाची उंची आणि त्याची हतबलता एकाच शब्दात आहे. नाटकाने उंची घेतली आणि हतबलता सोडून दिली.

आता माझ्या त्या तयारीच्या उत्तराकडे येते. ते मुळात बेक्कारिया या इटालियन विचारवंताचं. धोडपच्या लढाईआधी चारच वर्षं, १७६४ मध्ये, त्याने मांडलं की जन्मभराच्या सक्तमजुरीचा धाक मृत्यूपेक्षा जास्त बसतो, कारण ती रोज दिसते आणि संपत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत हाच धागा उलटा ओढला: जन्माची कैद इतकी क्रूर असेल, तर फाशीच दयेची. दोघांच्या डोळ्यांसमोर होता साधा कैदी. त्याच्यासाठी दार बंद झालं की जग संपतं. सत्ताधीशाचं तसं नसतं. त्याचे कारकून, सावकार, सरदार आणि परके मित्र बाहेर शाबूत असतात. शनिवारवाड्यातली कैद म्हणजे तर सत्तेपासून दोन चौक अंतर! नेपोलियनला एल्बावर ठेवलं तेव्हा तो वर्षाच्या आत परत आला. सेंट हेलेनावरून आला नाही. दोन्ही बेटंच. फरक अंतराचा आणि आशेचा.

आपल्याकडचीच जोडी घ्या. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आळ आला, ठाण्याच्या किल्ल्यातून ते निसटले, १८१८ मध्ये निफाडजवळच्या आहेरगावात पुन्हा सापडले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेतच १८२९ मध्ये वारले. ज्यांच्या मर्जीतले ते कारभारी होते, ते दुसरे बाजीराव, म्हणजे राघोबादादांचेच चिरंजीव. विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देणारे हेच. ते वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर १८५१ पर्यंत ब्रह्मावर्ताला राहिले. दोघांनाही पुणं जन्माचं तुटलं, पण दोघांच्या शिक्षेला एकच नाव देता येईल का?

मग मारणंच बरं? इथे एक तारीख मला नेहमी अडवते. बाजीरावांचा जन्म जानेवारी १७७५ चा. १७७३ चा निकाल अमलात आला असता तर ते जन्मलेच नसते. हे वाक्य सादरीकरणात टाळ्या घेतं, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. उलट पाहा: ही मुलं बापाच्या गुन्ह्यापायी कोपरगाव, आनंदवल्ली, जुन्नर अशी पहाऱ्यात वाढली. आनंदीबाई १७९४ मध्ये इथे आनंदवल्लीतच गेल्या. कैद दोषी माणसापाशी थांबली नाही, मुलांपर्यंत झिरपली. पुढे गादीवर बसलेल्या बाजीरावांचा संशयी स्वभाव या पहाऱ्यात किती घडला असेल, हा विचार सुटत नाही.

आणि मारण्याची दुसरी बाजू तेंडुलकरांनी दाखवलीच आहे. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) जमाव घाशीरामला ठेचतो आणि त्याला कोतवाल करणारे नाना सहीसलामत राहतात, वर उत्सवही जाहीर करतात. घाशीराम खरोखरच १७९१ मध्ये पुण्यात दगडांनी मारला गेला. नानांचं नाटकातलं चित्र इतिहास म्हणून वाचू नये, पण शिक्षेबद्दलचं त्याचं निरीक्षण मला 'भाऊबंदकी'पेक्षा खरं वाटतं. मेलेला माणूस साक्ष देत नाही. जुलमाला एकच चेहरा मिळतो, तो पुरला जातो आणि बाकीचे हात धुऊन जेवायला बसतात.

म्हणून सरांना आज मी असं सांगेन. जुलमी सत्ताधीशाला कैद जास्त कडक, पण तीन अटींवर. ती सत्तेपासून खरोखर लांब असावी. हुकूम पाळणाऱ्याच्या आधी हुकूम देणाऱ्याला व्हावी. आणि 'हे मी केलं' हे त्याने नाही म्हटलं, तरी उघड चौकशीत नोंदलं जावं. यातली एकही अट नसेल, तर कैद म्हणजे नेमणूक आणि फाशी म्हणजे पुरावा नष्ट करणं.

रामशास्त्र्यांनी तिसरी अट एकट्याने पाळली. पहिल्या दोन त्यांच्या हातात नव्हत्या. त्या पाळायला न्यायाधीशाच्या मागे उभं राहणारं राज्य लागतं. पुढच्या वेळी तो प्रसंग पाहून टाळ्या वाजवाल तेव्हा जरा थांबून विचारा: शास्त्री निघून गेल्यावर दरबारातले बाकीचे लोक काय करत होते?