वसंत, पण कोणता?

महाराष्ट्रात ऋतू तीन, असे शाळेत शिकवतात. साफ खोटे! गेल्या शतकात इथे बारमाही वसंत होता. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री कोण, तर वसंतराव नाईक. मध्ये शंकरराव चव्हाण येऊन गेले म्हणून बरे, नाहीतर १९७७ साली लगेच वसंतदादा पाटील हजर. नाटकाला जावे, तर १९६२ सालचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ वसंत कानेटकरांचे, १९६५ सालचे ‘विच्छा माझी पुरी करा’ वसंत सबनिसांचे आणि १९६७ साली ‘कट्यार’मधले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकायला वसंत रांजणे. १९८८ साली मान्सूनच्या अंदाजाचे गणित मांडले तेही वसंत गोवारीकरांनी. पावसाचे भविष्य वसंताने सांगायचे!

बरे, आईबापांनी ठेवले म्हणून निमूट वागवले, असेही नाही. कवी वसंत बापटांचे मूळ नाव विश्वनाथ, सबनिसांचे रघुनाथ. दोन चांगले ‘नाथ’ टाकून दोघेही आपखुशीने या गर्दीत शिरले.

गर्दीला माझी हरकत नाही. माझी तक्रार आहे ती आपल्या कात्रीबद्दल. मराठी नाव तीन पदरी असते आणि आपण नेमका मधला पदर, म्हणजे बाप, कापून टाकतो. वसंत शंकर कानेटकर म्हटले की निदान विचारावेसे तरी वाटते, हे शंकर कोण? तर कवी गिरीश! ‘वसंत कानेटकर’ म्हटले की गिरीश गेले.

पण खरा अन्याय झालाय तो देसायांवर. संगीतकार वसंत देसाई सर्वांना ठाऊक. ‘अमर भूपाळी’, ‘दो आँखे बारह हाथ’, ‘गुड्डी’. या माणसाला कीर्तीची ददात नाही. दुसरे वसंत देसाई लेखक. गंधर्व नाटक मंडळीसाठी ‘अमृतसिद्धी’ लिहिणारे, बालगंधर्वांना जवळून पाहिलेले. त्यांचा ‘मखमलीचा पडदा’ वाचल्याशिवाय जुन्या रंगभूमीवर कोणी बोलू नये, असे माझे मत. तर एका समारंभात निवेदकाने हे पुस्तक खुशाल संगीतकारांच्या पदरात घातले. टाळ्याही पडल्या. एकाच्या कीर्तीत दुसऱ्याचे आयुष्यभराचे काम असे विरघळते, आणि कोणाला चुटपुटसुद्धा लागत नाही.

या बाबतीत शहाणे निघाले ते वपु. तेही वसंतच, वसंत पुरुषोत्तम काळे. पण बापाचे अक्षर सोडले नाही, म्हणून त्यांना दुसऱ्या कोणी काळ्यांच्या खात्यावर चढवत नाही.

समारंभानंतर मी त्या निवेदकांना गाठले. म्हटले, “अहो, ते देसाई वेगळे. हे वसंत शांताराम देसाई.”

त्यांचा चेहरा उजळला. “असं होय! म्हणजे व्ही. शांतारामांचे चिरंजीव. तरीच त्यांच्या इतक्या चित्रपटांना संगीत!”