विद्यापीठ परिसरातील स्मारक-कारंजे : लिटलफिल्ड कारंज्याचा चिकित्सक विचार

विद्यापीठातील स्मारक कालांतराने केवळ ओळखीची खूण बनते. भेटीचे ठिकाण, छायाचित्राची पार्श्वभूमी एवढेच त्याचे प्रयोजन उरते. अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या दक्षिण प्रवेशभागी असलेले लिटलफिल्ड कारंजे हे याचे बोलके उदाहरण होय. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यापीठीयांच्या स्मरणार्थ ते १९३३ मध्ये उभे राहिले.

शिल्पकार पोंपेओ कोपिनी यांनी नौकेच्या अग्रभागी अमेरिकेचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती, तिच्या दोन्ही बाजूंस सैनिक व नाविक आणि पुढे पाण्यातून उसळणारे सागरी अश्व योजिले आहेत. अश्वांची गती पाण्याच्या गतीशी एकरूप होते. कलादृष्ट्या हेच या शिल्पाचे बलस्थान होय. त्यामानाने मानवाकृती मात्र ठराविक साच्याच्या वाटतात.

तथापि आशयाचा विचार केवळ या शिल्पापुरता करता येत नाही. देणगीदार जॉर्ज लिटलफिल्ड (१८४२–१९२०) हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले अधिकारी होते. यादवीत दुभंगलेले उत्तर व दक्षिण महायुद्धात पुन्हा एक झाले, ही कोपिनी यांची मध्यवर्ती कल्पना होती. म्हणूनच मूळ योजनेत जेफर्सन डेव्हिस व वुड्रो विल्सन यांचे पुतळे कारंज्याशी जोडलेले होते. वास्तुविशारद पॉल क्रे यांनी योजनेतील पुतळे पुढील हिरवळीच्या कडेने विखुरले. त्यामुळे मूळ प्रतिपादन विस्कळीत झाले. पण दक्षिणेच्या नेत्यांचा गौरव कायम राहिला.

या एकतेत कृष्णवर्णीयांना स्थान नव्हते. स्वेट खटल्याच्या निकालानंतर, १९५० मध्ये, या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची दारे त्यांना उघडली. पदवीपूर्व वर्गांत प्रवेश मिळण्यास १९५६ उजाडले. स्मारक ज्यांच्या एकतेची ग्वाही देत होते, ती एकता त्याच परिसरात अपुरी होती.

डेव्हिस व विल्सन यांचे पुतळे २०१५ मध्ये, तर रॉबर्ट ली यांच्यासह उर्वरित चार पुतळे २०१७ मध्ये हलविण्यात आले. गौरवस्थानावरून ते हटविणे समर्थनीयच होते. परंतु पुतळे गेल्यावर कारंजे निरागस भासू लागते, हा धोका नजरेआड करता येत नाही.

सारांश, कारंजे राहावे. मात्र त्याच्या मूळ योजनेचा इतिहास तेथेच, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहावा. तो सांगणे हे अन्य कोणाहीपेक्षा विद्यापीठाचेच कर्तव्य ठरते.