जव्हार-मोखाड्यातील सफेद मुसळीचा पर्णरोग : ओळखनिश्चितीची चिकित्सा

रानटी औषधी वनस्पतींवरील बुरशीजन्य रोगांची नोंद करताना पानांवरील ठिपके व सूक्ष्मदर्शकाखालील बीजाणू एवढ्याच आधारे रोगकारकाचे नाव देण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत टिपणात पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे) जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या संदर्भात सफेद मुसळीच्या उदाहरणाने या प्रघाताचे परीक्षण केले आहे.

सांतापाऊ व फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये वर्णिलेल्या क्लोरोफायटम बोरिविलिएनम या जातीच्या पानांवर कोलेटोट्रायकममुळे करपा पडतो. तथापि मृत ऊतींवर आल्टरनेरियासारख्या मृतोपजीवी बुरशीही वाढतात. त्यामुळे ठिपक्यातून मिळालेली बुरशी हीच रोगकारक, असे गृहीत धरता येत नाही. शुद्ध संवर्धन, निरोगी रोपावर संक्रमण व त्याच बुरशीची पुनःप्राप्ती या कॉखच्या कसोट्या अनिवार्य ठरतात.

जातिनिश्चिती याहून अवघड आहे. २०१२ मध्ये आयटीएस हा डीएनएचा भाग बुरशींचा बारकोड म्हणून सुचविला गेला. परंतु त्याच वर्षी वीअर व सहकाऱ्यांनी कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइडिस समूहात २२ जाती मान्य केल्या. त्यांपैकी अनेक केवळ आयटीएसवरून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

हा वाद केवळ नावाचा नाही. मुसळीची कोवळी पाने पावसाळ्याच्या आरंभी ‘कुलू’ या नावाने येथील आदिवासींच्या आहारात येतात. चुकीच्या निदानावरून सुचविलेले बुरशीनाशक थेट ताटात उतरेल. म्हणून अशा प्रत्येक नोंदीचा नमुना पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या आजरेकर कवक संग्रहात जमा व्हावा आणि संक्रमणचाचणीविना उपायाची शिफारस करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.