बायकर : पाडलेल्या गल्ल्यांची साक्ष

जुनी वस्ती पाडली जाण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून ठेवावीत, याबद्दल कुणाचे दुमत नसते. पण ती कोणी काढावीत? बघायला आलेल्याने, की तिथे राहणाऱ्याने? सिर्का-लीसा कॉन्टिनेन यांचे ‘बायकर’ (१९८३) हे पुस्तक पाहताना हा प्रश्न आम्हाला सतत पडत राहिला.

बायकर ही इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरातील कामगारांची वस्ती. टाईन नदीच्या बाजूला उतरत जाणाऱ्या गल्ल्या, भिंतीला भिंत लागून विटांची घरे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दुकाने. शेजारी शेजारी दोन दरवाजे. एक तळमजल्याच्या बिऱ्हाडाचा, दुसरा माडीवरच्या. ही जुनी घरे पाडून नवी वसाहत उभारण्याचे शहराच्या कौन्सिलने ठरवले. मूळच्या फिनलंडच्या कॉन्टिनेन १९६९ मध्ये न्यूकॅसलला आल्या. बायकरमध्येच त्यांनी बिऱ्हाड केले आणि स्वतःचे घर पाडले जाईपर्यंत, सुमारे सात वर्षे, त्या तिथे राहिल्या.

पुस्तकाचे बळ या शेजारपणात आहे. पाडापाडीच्या छायाचित्रांत एरवी ढिगारा असतो, माणूस नसतो. येथे ओसाड घरात एक मुलगी पियानो वाजवते आहे (१९७१). घर गेले आहे, मूल अजून तिथेच आहे. अशा वेळी बाहेरचा माणूस दुरून कॅमेरा रोखतो. येथे कॅमेरा शेजारणीच्या हातात आहे.

तरीही आमची एक तक्रार आहे. कृष्णधवल चित्रात भिंतीची ओल दिसत नाही, सुंदर सावली तेवढी दिसते. अशा घरांत न्हाणीघर नसे, संडास मागच्या अंगणात असे. थंडीत रात्री अंगणात जावे लागणाऱ्या बाईला नवे घर हवे होते, यात तिची काय चूक? जुन्या गल्लीबद्दल हळहळणारा वाचक हे सहज विसरतो. गल्ली पाडली, एवढ्यावरच अन्यायाचा हिशेब संपत नाही.

खरा अन्याय पुढे आहे. वास्तुशिल्पी राल्फ अर्स्किन यांची नवी वसाहत बायकरच्याच लोकांसाठी होती. मोहल्ला मोडू नये हाच हेतू होता. पण सुमारे १७,००० मूळ रहिवाशांपैकी २० टक्क्यांहूनही कमी लोकांना तिथे घर मिळाले. बाकीचे पांगले. हा आकडा माहीत झाल्यावर तीच छायाचित्रे पुन्हा पाहिली, तेव्हा ती आठवणींचा अल्बम न राहता साक्षीपुरावा वाटू लागली.

२००३ नंतर कॉन्टिनेन पुन्हा बायकरला गेल्या. या वेळी रंगीत छायाचित्रे, रहिवाशांशी बोलून, त्यांच्याच घरांत काढलेली. त्यांत परदेशांतून आश्रयाला आलेली कुटुंबेही आहेत. पहिल्या पुस्तकाइतके हे काम मनाला चटका लावत नाही. पण नव्या भिंतींआडही माणसे संसार मांडतात, हे त्यातूनच कळते.

पियानोचे चित्र आम्ही सातवीच्या वर्गात दाखवले. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग ही मुलगी कुठे राहायला गेली?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

आपल्या मोहल्ल्यांतही जुन्या इमारतींवर पुनर्विकासाच्या पाट्या लागत आहेत आणि कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. फोटो जरूर काढावेत. मात्र दुकानाच्या फळीबरोबर दुकानदाराचा चेहराही घ्यावा, आणि मागे दोन ओळी लिहून ठेवाव्यात: नाव काय, आणि तो गेला कुठे.