तापाचे पॅकेज आणि दोन प्रश्न

पावसाळा सुरू झाला की ठाण्याच्या नौपाड्यात वर्तमानपत्राच्या घडीतून छत्र्यांच्या सेलबरोबर आणखी एक पत्रक घरात येते. मथळा असतो ‘फीव्हर पॅकेज’. गोखले रोड, राम मारुती रोड या पट्ट्यात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा इतक्या आहेत की पत्रकांचीही चुरस लागते. मजकूर मात्र बहुतेकांचा सारखाच : सीबीसी, मलेरिया, डेंग्यू एनएस-१, डेंग्यू आयजीएम, टायफॉइड, सगळे एकत्र घेतल्यास सवलत, रक्त घरी येऊन नेऊ, ‘अचूक निदान’. ही पत्रके आम्ही परीक्षणासाठी घेतो आहोत याचे नवल वाटू नये. शाळेत न शिकवलेले आरोग्यविज्ञान पुष्कळ घरांत याच कागदांतून पोचते.

ताप अंगावर काढू नका, हा पत्रकाचा आग्रह योग्यच आहे. त्यासाठी त्याला गुण द्यायला हवेत. आमचा आक्षेप यादीवर आहे. त्या यादीत दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे एका खाली एक छापलेली असतात आणि वर शब्द एकच असतो, ‘निदान’. पहिला प्रश्न : हा आजार आहे का? दुसरा : आहे, तर पुढे काय होणार? पहिल्याचे उत्तर देणारी ती निदानचाचणी. दुसऱ्याचे उत्तर देणारी ती भाकीतखूण.

हा भेद परका नाही. चरकसंहितेत निदानस्थान वेगळे आणि इंद्रियस्थान वेगळे. निदानस्थानाच्या आठ अध्यायांत रोग कोणता व कशाने झाला याचा विचार आहे. इंद्रियस्थानाच्या बारा अध्यायांत रुग्णाचे आयुष्य किती उरले ते सांगणाऱ्या अरिष्टलक्षणांचा. त्यांतली स्वप्ने आणि वैद्याला बोलवायला आलेल्या दूताची लक्षणे आज कोणी जमेस धरणार नाही, पण ग्रंथाची विभागणी पत्रकापेक्षा स्वच्छ आहे.

आधी निदानाचे पाहू. एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूचेच एक प्रथिन. तापाच्या पहिल्या दिवसापासून ते रक्तात सापडते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर मिळेनासे होऊ लागते. आयजीएम हे आपल्या शरीराने तयार केलेले प्रतिद्रव्य. ते साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ची एलायझा आणि नंतर आयजीएमची एलायझा सांगितली आहे. आयजीएमचे संच देखरेख-रुग्णालयांना पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था पुरवते. झटपट पट्टीवरच्या चाचणीचे उत्तर हा कार्यक्रम पक्के धरत नाही. तापाचा दिवस कितवा, हे न विचारता दोन्ही चाचण्या एकदम करायला लावणाऱ्या पॅकेजात एकीचे पैसे बहुधा वाया जातात.

‘पंचाण्णव टक्के अचूक’ या शब्दांचा अर्थ वर्गात गणित मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, एक चाचणी डेंग्यूच्या १०० रुग्णांपैकी ८० जणांना पकडते आणि डेंग्यू नसलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांना सोडून देते. (हे आकडे गणितासाठी धरलेले आहेत.) पावसाळ्यात तापाच्या १००० रुग्णांत २०० डेंग्यूचे असले, तर खरे पॉझिटिव्ह १६० आणि खोटे ४०. पॉझिटिव्ह आलेल्या पाचांपैकी चौघांना खरोखर डेंग्यू आहे. मार्चमध्ये १००० तापांत डेंग्यूचे दहाच असले, तर खरे पॉझिटिव्ह ८ आणि खोटे जवळजवळ ५०. आता सातांतल्या एकालाच डेंग्यू! संच तोच, तंत्रज्ञ तोच. बदलला तो महिना. पत्रकावर छापलेली टक्केवारी मात्र बारा महिने तीच राहते.

आता सीबीसीतल्या प्लेटलेटकडे वळू. चाळीत असो की सोसायटीत, डेंग्यूच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच विचारणा : “काउंट किती?” निदानासाठी हा आकडा फारसा कामाचा नाही. मलेरियात प्लेटलेट घटतात, लेप्टोत घटतात, साध्या विषाणूतापातही घटतात. मग तो भाकितासाठी तरी चांगला का? येथे आणखी एक गणित. डेंग्यूचे १००० रुग्ण धरा. त्यांपैकी ३० गंभीर होणार आहेत. गंभीर होणाऱ्यांतले २७ आणि न होणाऱ्या ९७० पैकी ३८८ यांचा काउंट पन्नास हजारांखाली गेला असे समजा. पन्नास हजारांखालचे एकूण ४१५. त्यांत गंभीर २७, म्हणजे शेकडा साडेसहा. वरच्या ५८५ मध्ये गंभीर फक्त ३. काउंट घटलेल्यांना धोका सुमारे तेरापट आहे, हे वाक्य खरे. काउंट घटलेल्या शंभरांतले त्र्याण्णव जण सुखरूप घरी जातील, हेही खरे. एखाद्या खुणेचा परिणामाशी संबंध असणे आणि तिने समोरच्या दोन माणसांत भेद करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रांतल्या आरोग्यविषयक बातम्या येथेच घसरतात.

डॉक्टर प्लेटलेटकडे एकटे पाहत नाहीत. त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट छापलेले असते : रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागला की रक्त घट्ट होते आणि हा आकडा चढतो. प्लेटलेट झपाट्याने उतरत आहेत व हिमॅटोक्रिट चढत आहे, ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली धोक्याच्या खुणांत घातली. त्याच यादीत पोटात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त आणि सुस्ती आहे. यांपैकी कशालाच पॅकेज लागत नाही. शिवाय धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतो त्या सुमारास येतो, म्हणजे घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला असतो तेव्हा.

काउंट म्हणजेच आजार अशी समजूत झाली की काउंट वाढवणे हाच उपचार वाटू लागतो. मग पपईच्या पानांचा रस येतो आणि रात्री-बेरात्री रक्तपेढीकडे धावाधाव होते. सिंगापूर व मलेशियातल्या पाच रुग्णालयांत, प्लेटलेट वीस हजारांवर किंवा त्याखाली आलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेली तुलना २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आगाऊ प्लेटलेट दिल्या, निम्म्यांना नाहीत. रक्तस्राव टाळण्यात प्लेटलेट देणे सरस ठरले नाही; दुष्परिणाम मात्र त्या गटात जास्त झाले. वायुभारमापकाचा काटा बोटाने वर सरकवून वादळ थांबत नाही. २०२१ च्या कोविड लाटेतही असाच घोळ झाला. छातीच्या सीटी स्कॅनला पंचवीसपैकी मिळणारे गुण फुफ्फुस किती ग्रासले ते सांगत. आजार कोविडच आहे का, हे सांगायला आरटी-पीसीआर होती. लोक ‘स्कोर’ दोन्हींसाठी विचारत होते.

भाकीतखुणेची परीक्षा घेणे निदानचाचणीपेक्षा अवघड, त्याचे कारण गमतीचे आहे. हिमॅटोक्रिट चढला म्हणून डॉक्टरांनी वेळेवर सलाईन लावले आणि रुग्ण चालत घरी गेला, तर वहीत नोंद होईल : खूण होती, धोका आला नाही. उपचार न झालेल्या गंभीर डेंग्यूत शंभरांत वीस किंवा अधिक दगावू शकतात आणि योग्य उपचार मिळाले तर एकापेक्षाही कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रुग्णालय जितके चांगले तितकी तिथली भाकितखूण कागदावर खोटी ठरत जाते! एनएस-१ला ही अडचण नाही. उपचार कितीही चांगले झाले तरी काल रक्तात विषाणू होता ही गोष्ट बदलत नाही.

असे एक पत्रक नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर लावून पाहावे. प्रत्येक चाचणीपुढे ‘आहे का?’ किंवा ‘पुढे काय?’ यांपैकी एक लिहायला सांगावे. सीबीसीपाशी मुले अडतील आणि वाद घालू लागतील. तास संपेपर्यंत घालू द्यावा.