कोलवाळचा वस्त्रकार

वेंडेल रॉड्रिक्स यांचे कार्य दोन खणांत वाटून ठेवण्याची चाल पडली आहे. एका खणात वस्त्रे, दुसऱ्यात समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा पुरस्कार. आम्हांस ही वाटणी मान्य नाही. जे माणसाला आवळते ते सैल करावे, ही एकच वृत्ती दोन्हीकडे दिसते.

28 मे 1960 रोजी मुंबईत एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मस्कतची नोकरी, लॉस एंजेलिस व पॅरिस येथील शिक्षण एवढे उरकून ते अखेर बारदेशातील कोलवाळास स्थायिक झाले. त्यांच्या पोशाखात भरतकामाचा भार नसे. पांढऱ्या रंगाची ओढ, मोकळा घेर आणि उकाड्याच्या देशाची जाण असे.

आम्ही राहतो ते बऱ्हाणपूरचे लालबाग. या शहराचे कापड एके काळी इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असे, आणि यंत्रमागांचा खडखडाट येथे आजही ऐकू येतो. अशा गावच्या माणसाला आधी वीण दिसते, शिंपी मागाहून. म्हणूनच 2010 च्या सुमारास रॉड्रिक्सांनी कुणबी लुगड्याकडे दृष्टी वळविली, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व कामांत थोर वाटते. तांबड्या-पांढऱ्या चौकडीचे हे जाडेभरडे सुती कापड खांद्यावर गाठ मारून नेसावयाचे. शेतातील चिखलात वावरता यावे म्हणून आखूड. ते विणणारे हात जवळजवळ उरले नव्हते. रॉड्रिक्सांनी ते पुन्हा विणवून घेतले, लांबविले, मऊ केले आणि शहरी रंगमंचावर आणले.

येथे आक्षेप घेता येतो, व तो घेतलाच पाहिजे. कुणबिणीचे लुगडे श्रीमंत बाईच्या अंगावर गेले. मूळ नेसणारीच्या पदरात काय पडले? कष्टासाठी आखूड असलेले वस्त्र लांबविले की त्यातील कष्टच नाहीसे होतात. हे सर्व खरे. परंतु ज्या कापडाला गिऱ्हाईक नाही त्याचा माग जळणात जातो, हेही विणकरांच्या गावी कोणास सांगावे लागत नाही.

‘मोडा गोवा’ हा त्यांचा 2012 चा इंग्रजी ग्रंथ गोमंतकीय वेषभूषेचा इतिहास सांगतो. कुणब्यांच्या कापडाला आणि मांडोच्या पानो-बाजूला त्यात एकाच आदराने जागा मिळाली आहे. 2017 ची कादंबरी ‘पोसकें’ या नावाची. आपल्या कोकणी वाचकांस शब्द समजावणे नको; मराठी वाचकांसाठी एवढेच, की सधन घरी पोसलेले, राबवलेले, पण घरचे न मानलेले मूल म्हणजे पोसकें. ज्याविषयी घराघरांत दबक्या आवाजात बोलत, ते त्यांनी पुस्तकाच्या शीर्षकावरच घातले.

आता कायद्याकडे वळू. तो आमचा धंदा. समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारे दंडसंहितेचे कलम 377 दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली प्रौढांच्या संमतीपुरते निष्प्रभ केले होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी ते पुन्हा उभे केले. सहाच आठवड्यांनी, 2014 च्या प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने, रॉड्रिक्सांना पद्मश्री जाहीर झाली. आणि त्याच आठवड्यात, 28 जानेवारीस, फेरविचाराचे अर्ज फेटाळले गेले. रॉड्रिक्सांनी आपले जीवन कधी लपविले नव्हते. 2002 सालीच त्यांनी जेरोम मारेल यांच्याशी फ्रेंच कायद्यान्वये सहजीवनाचा करार केला होता. म्हणजे सरकारने ज्याच्या छातीवर पदक लावावयाचे ठरविले, त्याच्या घरातील सुखाला त्याच सरकारचा कायदा गुन्हा म्हणत होता. एखाद्या अशिलाने असे कागद आणून टाकले असते, तर आम्ही तारखा पुन्हा तपासावयास सांगितले असते! ते कलम प्रौढांच्या संमतीपुरते 6 सप्टेंबर 2018 रोजी गेले.

गोव्याची गोष्ट आणखी विलक्षण आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यान्वये तेथे विवाह निबंधकापुढे नोंदवावयाचा, आणि वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक धरावयाची. देवळात लग्न लावणारे आपले लोकही त्याच वहीत सही करतात. कोलवाळच्या या दोघांसाठी मात्र त्या वहीत रकाना नव्हता. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने तो प्रश्न संसदेकडे सोडला. रॉड्रिक्स त्याआधीच, 12 फेब्रुवारी 2020 रोजी, कोलवाळास वारले. आपले जुने घर वस्त्रसंग्रहालयासाठी त्यांनी पूर्वीच मोकळे केले होते.